शिवणकाकूंचा सराव

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत शिवणकाकू राहतात. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. साऱ्या गल्लीचे कपडे त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कोण किती सुटलंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. "ही कंबर नाही, कमान झालीय," असं त्या तोंडावर म्हणतात आणि तरी माणसं त्यांच्याकडेच येतात.

जावयाची बदली दूरच्या शहरात झाली. तिकडे घर मिळेपर्यंत म्हणून लेक आपल्या मुलीला घेऊन आईकडे राहायला आली. चिमी तेव्हा चार वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघायची नाही, नवा माणूस दिसला की कान झाकून घ्यायची. पण मशीन सुरू झालं की मागच्या खोलीतून चालत यायची, काकूंच्या हाताखालून वाट काढत मांडीवर चढायची आणि मशीनच्या फळीला गाल लावून बसायची. फळीची थरथर तिला आवडत असावी. हातात रिकामी रिळं. मशीन थांबलं की ती काकूंचा हात मनगटाला धरून उचलायची आणि चाकावर नेऊन ठेवायची.

"बघा बाई, मालकीण आली कामावर," काकू मला म्हणायच्या. "घटकाभर दम खाऊ देत नाही." आणि चाक फिरवायच्या. शिवायला काही नसलं तर चिंधीवर टीप मारत बसायच्या.

लेकीने चिमीला स्वमग्न मुलांच्या केंद्रात घातलं. तिथल्या मॅडम प्रत्येक मुलाचा आराखडा ठरवत, आणि रोज मुलाजवळ बसून तो राबवायचं काम टेक्निशियन करत. मागायचं कसं, थांबायचं कसं, नको कसं म्हणायचं, हे खेळता खेळता शिकवणाऱ्या या मुली. त्या फार थोड्या, मुलं पुष्कळ. चिमीच्या वाट्याला जेमतेम वेळ यायचा.

"हे काम शिकता येतं का?" काकूंनी मॅडमना विचारलं.

येतं, मॅडम म्हणाल्या. शाळा पूर्ण झालेली हवी, प्रशिक्षण घ्यायचं, आमच्यासमोर एखाद्या मुलाबरोबर काम करून दाखवायचं, मग लेखी परीक्षा.

लेक हसायलाच लागली. "आई, तुला साधा फोटो पाठवता येत नाही मोबाइलवरून."

"तुझा ब्लाउज तीनदा सैल करून दिला, तेव्हा मोबाइलला विचारून केला होता काय?" काकू म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

दुपारी त्या माझ्याकडे अभ्यासाला यायच्या. मी आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं, पण इतकी तहानलेली विद्यार्थिनी मला क्वचित मिळाली. त्या सगळं शिवणात बसवून घ्यायच्या. मुलाचा हात धरून एखादी गोष्ट करून घ्यायची आणि मग आपला हात हळूहळू काढून घ्यायचा, हे वाचल्यावर म्हणाल्या, "म्हणजे कच्ची टीप. पक्की बसली की उसवून टाकायची." मी हसले. उदाहरण अगदी बरोबर होतं.

एका धड्यात आलं की आपल्या नात्यातल्या मुलावर हे काम करू नये. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

"ते पगारी लोकांसाठी हो बाई," काकू म्हणाल्या. "मी काय परकी आहे तिला?"

"लिहिलंय तर काही कारण असेल."

"कारण असेलच. पण ज्यांनी लिहिलं, त्यांच्या घरी चिमी नव्हती."

एवढं सगळं त्या चिमीसाठीच तर करत होत्या. तिने एकदा तरी काही मागावं, आपल्याला मागावं, एवढीच त्यांची आस होती.

मॅडमसमोर काम करून दाखवण्याचा दिवस जवळ आला तसा काकूंनी घरी सराव सुरू केला. चिमीची रिळं त्यांनी एका काचेच्या बरणीत घातली आणि झाकण घट्ट लावलं. रीळ दिसणार, पण हाती लागणार नाही. तळहातावर बोटं आपटून 'दे' अशी खूण केली तरच मिळणार. मशीनचंही तसंच. चिमीने काकूंचा हात उचलून चाकावर ठेवला की काकू तो परत घ्यायच्या आणि थांबायच्या. "खूण कर. काय हवं? खूण कर, राणी." चिमी पुन्हा हात उचलायची. काकू पुन्हा परत घ्यायच्या. खूण झाली की चाक फिरायचं, टाळ्या पडायच्या, "शाब्बास" व्हायचं. मग लगेच पुढची पाळी.

सकाळी उठल्यापासून हेच. पाणी हवं, खूण. बिस्किट हवं, खूण. मांडीवर यायचं, तरी खूण. केंद्रातली पोरगी ठरावीक वेळ काम करायची, मग चिमीला नुसती पाठुंगळी घेऊन हिंडायची. आजीचं केंद्र मात्र कधी बंदच होत नव्हतं.

चिमी खूण शिकली. काकू खूश होत्या. ती आता आपण होऊन मशीनपाशी येत नाही, हे त्यांना उशिरा दिसलं. दिसलं तेव्हाही त्या म्हणाल्या, "उन्हाळ्याने कंटाळलीय."

दाखवण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पडदे न्यायला खाली गेले होते. काकू जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात बरणी. चिमी मागच्या खोलीच्या दारात उभी.

"ये, चिमू. काय हवं माझ्या राणीला? ये, माग."

चिमीने बरणीकडे पाहिलं. मग, ती कधी बघत नसे तसं, सरळ काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही तळवे पुढे केले आणि उलटे फिरवले.

"आई!" लेक आतून धावतच आली. "केली! स्वतःहून केली! कुणी सांगितलं नाही, हात धरला नाही. केंद्रात याच आठवड्यात शिकवायला घेतलीय." तिचे डोळे भरून आले होते. तिने चिमीला उचलून छातीशी धरलं. "बाई, पाहिलंत ना तुम्ही?"

"कसली खूण गं ही?" काकू हसत म्हणाल्या.

"पुरे," लेक म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पुरे... असं म्हणायची."

काकूंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न मिळाल्यासारखं. मुलाने पुरे म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, हे त्यांनी माझ्याजवळ बसून पाठ केलं होतं. त्यांनी झाकण फिरवलं, सगळी रिळं जमिनीवर ओतली आणि त्या भिंतीपर्यंत मागे सरकल्या. चिमी आईच्या खांद्यावरून उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी चिमीऐवजी केंद्रातल्या दुसऱ्याच एका मुलाबरोबर काकूंनी काम करून दाखवलं. मॅडमनी वाखाणलं. लेखी परीक्षाही त्या पास झाल्या. प्रमाणपत्र आलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "आता आमची मापं कोण घेणार, मॅडम?" काकूंनी सगळ्यांना चहा दिला.

पण प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या केंद्रातल्या मॅडमपुढे बसून रडल्या, आणि सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, शिकवायला आम्ही आहोत. तुमच्यापाशी ती शिकायला येतच नव्हती. आता काही मागू नका तिच्याकडून. नुसत्या बसा. ती येईल, पण वेळ लागेल."

काकू नुसत्या बसू लागल्या. मशीनवर काही न घालता पाय चालवत राहायच्या. रिळं पायांच्या आसपास पसरलेली. चिमी आधी मागच्या खोलीतच राहायची. पुढे उंबऱ्यापर्यंत येऊ लागली. तिथेच बसायची, पाठ करून. काकू बघायच्या नाहीत. एकदा मी बोलायला लागले तर बोट ओठावर ठेवलं त्यांनी.

तेवढ्यात जावयाला घर मिळालं.

"महिनाभर थांबा," काकू लेकीला म्हणाल्या.

"आई, तिकडच्या केंद्रात जागा मिळतेय. गेली तर परत मिळायची नाही."

यावर टेक्निशियन काय बोलणार? "जा," काकू म्हणाल्या. "जागा सोडू नका." गाडी आली तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. चिमीला जवळ घेतलं नाही. लेक म्हणाली, घे गं, एकदा. काकूंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

आता त्या रोज केंद्रात जातात. चांगलं काम करतात असं मॅडम सांगतात. मुलं त्यांच्याकडून मागायला शिकतात, आणि वेळ संपली की काकू स्वतः उठून आधी हात बाजूला घेतात.

परवा मी खाली होते तेव्हा लेकीचा फोन आला. स्पीकर सुरू होता. तिकडे सासूबाई राहायला आल्यात, लेक सांगत होती. चिमी दिवसभर त्यांच्या मांडीवर असते. त्यांचा हात धरून घरभर फिरवते.

"फिरवते ना?" काकू म्हणाल्या. मशीनच्या चाकावर हात ठेवला. पलीकडून लेक "आई? आई?" करत राहिली.

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. "विहीणबाईंना सांग... सांग, हात धरला की जा म्हणावं तिच्यामागे. काही शिकवू नका."