खांबावरची लाल टोपी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या किश्श्यात पुढे मलाच रडू येतं.

मला वाटलं होतं, इंग्लंडचा मूर म्हणजे जांभळ्या फुलांचा गालिचा, मंद झुळूक आणि वाटेत प्लास्टिकचा कपटासुद्धा नाही. प्रत्यक्षात काय? नजर जाईल तिथवर ओलं, तपकिरी, उघडं माळरान! झाड नाही, आडोसा नाही. दर पावलाला बूट चिखलात ‘पच्च’. आणि कचरा? आहे की!

मग काय, माझ्या अंगातच आलं. माझा जन्म इथलाच, इंग्लंडमधल्या ईलिंगचा, पण शाळा-कॉलेज सगळं साताऱ्याला, आत्याकडे. दर रविवारी आमचा ग्रुप गडावर जाऊन पोती भरभरून कचरा खाली आणायचा. शिक्षण संपवून मी आई-बाबांकडे परत आले, ती जणू अख्ख्या इंग्लंडला सुधारायला! इतकी वर्षं लेक लांब राहिली म्हणून बाबांनी रजा साठवून बेत आखला: पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत दोघांनी चालत जायचं. हा मूर म्हणजे शेवटून दुसरा दिवस. उद्या समुद्र!

मी काळं पोतं घेऊन पुढे, बाबा मागे. एका कुंपणाला गाठ मारलेली छोटी पिशवी लटकत होती.

“बाबा, कुणीतरी डबा विसरलंय!”

“ठेव ती. कुत्र्याची आहे.”

“कुत्र्याचा डबा?”

“डबा नव्हे, मुक्ता. डब्यानंतरचं.”

तरीही मी सुधारले का? नाव नको! समोरून आलेलं एक जोडपं ‘वेल डन, लव्ह’ म्हणालं आणि मी आणखीच फुगले. मूर संपून उतार लागतो, तिथे वाट दाखवणारा शेवटचा लाकडी खांब होता. त्याला कुणीतरी लाल लोकरी टोपी बांधलेली. पांढरा गोंडा, बऱ्यापैकी विटलेली.

“राहू दे ती,” बाबा म्हणाले. “इथं हरवलेल्या वस्तू अशाच खांबावर ठेवतात.”

“अहो, रंग बघा ना! कोण येतंय आता शोधायला?” सोडली गाठ, टाकली पोत्यात.

खाली दरीत आमचा मुक्काम. घरमालक टॉमआजोबा एकटेच राहायचे. आम्ही पोचलो तेव्हा ते खिडकीत दुर्बीण घेऊन उभे. मला वाटलं, पक्षी बघतायत.

“वर फार वारा आहे का?” त्यांनी विचारलं.

“छे! अजिबात नाही.”

“मग शेवटच्या खांबावर काही लाल दिसलं का?”

“दिसलं? अहो, मी काढूनच आणलं!”

आणि केळ्याच्या सालांखालून मी ती टोपी अशी काही बाहेर काढली, जणू जिंकलेली ट्रॉफी! टॉमआजोबांनी ती हातात घेतली. गोंड्याला चिकटलेलं साल अलगद काढलं.

“हं,” ते म्हणाले. “चहा टाकतो.”

मला वाटलं, माणूस भारावला! मग चहा पिता पिता माझं व्याख्यान. मेंढ्यांच्या पोटात गेली असती म्हणजे? लोकांना लाज कशी वाटत नाही? ते सिंकपाशी पाठमोरे उभे राहून “हो ना, हो ना” म्हणत होते. तेवढ्यात टेबलाखालून बाबांची लाथ बसली.

“मुक्ता, मागे बघ.”

“का?”

“भिंतीवर. बोलू नकोस, बघ.”

फोटो होता. तोच खांब. त्याला टेकून दम खाणारी एक हसरी बाई. डोक्यावर लाल टोपी, पांढरा गोंडा.

मी वळले. टॉमआजोबा गार पाण्यात टोपी धूत होते. पिळत नव्हते, नुसती दाबत होते.

“माझी जोन,” ते न वळता म्हणाले. “रोज तिथवर चालत जायची आणि तिथून मला हात करायची. ती गेल्यावर टोपी मीच वर नेऊन बांधली. सकाळी चहा घेताना बघतो.”

“मला माफ करा. तुम्ही ती परत...”

“गुडघे,” ते म्हणाले. “आता तिथवर चढवत नाही. असू दे, पोरी. कधीतरी वाऱ्यानं नेलीच असती.”

आणि वर मलाच बिस्किटं पुढे केली. ओरडला असता ना माणूस, तर बरं वाटलं असतं हो!

सकाळी मी खाली आले तर ते कप घेऊन खिडकीत. सवयीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. क्षणभर रिकाम्या खांबाकडे पाहिलं आणि खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

बाबांना दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. उलटं वर चढलो की समुद्र हुकणार, हे मला ठाऊक होतं. इतके दिवस चाललो ते त्याच्यासाठीच.

“बाबा, मी परत वर जाते.”

“आणि समुद्र?”

“राहू दे.”

बाबांनी बूट चढवले. टोपी अजून दमट होती. ती मी सॅकला बाहेरून बांधली. “गोंडा वर ठेव,” एवढंच टॉमआजोबा म्हणाले. मग दारात थांबवून त्यांनी माझ्या हातात एक कोरं काळं पोतं दिलं. “केळ्याची सालं उचल तू. ते काम चांगलंच आहे.”

माझे डोळे भरून आले. मी पोतं छातीशी धरलं.

बाबांनी ते हळूच काढून घेतलं, घडी घालून स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, “तू नुसतं बोट दाखव. कचरा कुठला, ते मी ठरवतो.”