मावशीचा तास

आमच्या धाकट्या मावशीला उद्या देवांनी अमृत देऊ केलं, तर ती आधी त्यात लिटमस कागद बुडवून पाहील, याबद्दल आमच्या घराण्यात दुमत नाही. ती नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली ती शाळेपुरतीच, कारण तास अजून चालू आहे आणि आम्ही सगळे त्यात बसलेलो आहोत. लहानपणी गुडघा फुटला की मलम नंतर मिळायचं; आधी रक्त कसं गोठतं ते ऐकावं लागायचं, आणि तेवढ्यात ते गोठलेलंही असायचं. ऐन पाहुण्यांत दूध फाटलं की आई कपाळाला हात लावायची आणि मावशी मात्र खुलायची. "फाटलं नाही ताई, प्रथिनं वेगळी झाली!" माझ्या हळदीच्या दिवशी तर तिने कमालच केली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीला तिने साबणाचं पाणी लावलं. डाग लालभडक झाला, तशा माझ्या होणाऱ्या सासूबाई रक्त समजून किंचाळल्या. "घाबरू नका विहीणबाई," मावशी शांतपणे म्हणाली, "साबण आम्लारीधर्मी असतो."

अशा या मावशीची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली. पहिल्या डायलिसिसला मी तिला नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. वाटेत तिने एकाही गोष्टीमागचं विज्ञान सांगितलं नाही.

शेजारच्या खाटेवर घोटीकडच्या भातपट्ट्यातली एक बाई होती. तिचाही पहिलाच दिवस. ती नर्सला हात लावू देत नव्हती. "ह्ये मशिन रगत पितंय. मी नाय बसायची, घरी मेलेली बरी!" नवरा हात जोडून विनवत होता, तरी ती चपला शोधू लागली.

मावशी उठून बसली. मला म्हणाली, "कॅन्टीनमधून डिप चहाची पिशवी आण. आणि काचेच्या ग्लासात गरम पाणी."

मी आणलं. तिने पिशवी पाण्यात सोडली. "बघ गं. रंग बाहेर येतोय. पत्ती आली का बाहेर?"

"नाय."

"या मशीनमध्ये तसलीच बारीक जाळी आहे. रक्तातली घाण पलीकडे जाते. रक्त आतच राहतं आणि फिरून तुझ्याच अंगात येतं."

बाई बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिली. "म्हंजे माझं रगत माझंच ऱ्हातं?"

"तुझंच."

ती आडवी झाली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमाला भ्या नाय वाटत?"

"वाटतं की," मावशी म्हणाली. "लय."

तेव्हापासून दोघींचे वार एकच. ती बाई मावशीला वासावरून तांदळाची जात ओळखायला शिकवायची, मावशी तिला पेशी समजावायची, आणि कोण कुणाची विद्यार्थिनी ते मला कळेनासं व्हायचं.

गेल्या महिन्यात ती खाट रिकामी दिसली. नर्सने बाजूला घेऊन मला सांगितलं. मावशीने माझा चेहरा पाहूनच ओळखलं.

परतताना आम्ही सिग्नलला थांबलो होतो. मावशी म्हणाली, "हृदय थांबतं. पेशींना प्राणवायू मिळत नाही. मग एकेक पेशी मरते. इतकी वर्षं शिकवलं मी हे."

मी गाडी न्यूट्रलला टाकली.

"त्यापुढचं मला येत नाही रे," ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. मी जरा वेळ गाडी तशीच उभी ठेवली.