सासूबाई आणि बिनतारी जावई

सासूबाईंचं लग्न झालेलं नव्हतं. तरीही आमच्या टॉवेलच्या कारखान्यात वॉचमनपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे त्यांना सासूबाईच म्हणत. तोंडावर नाही; तोंडावर 'मॅडम'. त्यांना हे ठाऊक होतं. "म्हणू द्या की," त्या म्हणायच्या, "नवऱ्याची कटकट न होता डायरेक्ट प्रमोशन मिळालं."

त्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, मी प्रयोगशाळेतला केमिस्ट. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकरांचं घर त्यांचं. फोनवर भावाशी तेलुगूत भांडायच्या आणि फोन ठेवला की उरलेलं भांडण आमच्याशी मराठीत. नाव पडलं ते पीएचच्या इलेक्ट्रोडमुळे. रंगकामाचं पाणी शुद्ध करून नाल्यात सोडतात. ते अल्कलीकडे झुकलंय की आम्लाकडे, हे ती काचेची नळी सांगते. सात म्हणजे मधोमध; त्याच्या वर अल्कली, खाली आम्ल. "जावई आहे हा," त्या ऑपरेटरांना दटावत. "वेळच्या वेळी अंघोळ घाला, कोरडा पडू देऊ नका. आणि घासू नका रे, टिपा! एवढं करून कधी रुसेल त्याचा नेम नाही."

पाणी नाल्यात जाण्याआधीची शेवटची टाकी कारखान्याच्या पार टोकाला. तिथवर टाकलेली केबल कधी जेसीबी तोडायचा, कधी उंदीर. शेवटी इलेक्ट्रोडचा आकडा हवेतूनच कंट्रोल रूमला धाडणारा बिनतारी ट्रान्समीटर आला. तो बसवायचा दिवस निघाला भर मे महिन्यात. सासूबाई टाकीच्या कठड्याशी उलट्या बादलीवर बसल्या, डोक्यावर ओढणी, मांडीवर कम्युनिकेटर. हे हातात धरायचं यंत्र दिसायला जुन्या जाडजूड मोबाइलसारखं. त्याच्या दोन वायरी ट्रान्समीटरला लावल्या की त्याच्याशी बोलता येतं. नेटवर्कचा नंबर आणि एक लांबलचक गुप्त आकडा त्यातून भरायचा, मग कुठे कंट्रोल रूम त्याला ओळख देते.

"सिद्राम, दिसतंय का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"न्हाय की, म्याडम!" कंट्रोल रूममधून ऑपरेटर सिद्राम ओरडला.

"केमिस्ट, आकडे नीट वाचा. मंगलाष्टकं चाललीत, मधेच श्राद्धाचे मंत्र नकोत."

मी आठाचा तीन वाचला होता. दुरुस्त केलं. मग फोनमधून सिद्रामची आरोळी आली, "आलं! आलं की म्याडम!"

मग सातच्या द्रावणात, तिथून धुऊन चारच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून त्यांनी आकडे जुळवले. तेवढ्यात साहेब लिंबू सरबताचा ग्लास घेऊन बघायला आले. सासूबाईंनी इलेक्ट्रोड पुन्हा धुतला आणि कुणाला काही कळायच्या आत तो साहेबांच्या ग्लासात घातला. "अडीच! साहेब, हे नाल्यात सोडायची परवानगी मिळणार नाही." साहेब हसले, पण फक्त ओठांनी.

पावसाळा संपता संपता पाण्यातली अल्कली मारायला ॲसिड सोडणारा पंप बंद पडला. टाकीचा आकडा दहाच्या वर गेला आणि नेमकी दुसऱ्या दिवशी प्रदूषण मंडळाची तपासणी. नाल्याच्या पुढे कांद्याची शेतं, तिथल्या पाण्याच्या मोटारी त्याच नाल्यावर. साहेब आम्हा दोघांना टाकीपाशी घेऊन गेले.

"पाणी कसंही असो, त्या तुमच्या यंत्रातून आकडा सातवर धरून ठेवता येतो ना?"

"येतो की," सासूबाई म्हणाल्या. "चाचणीसाठी तशी सोय असते. दोन मिनिटांचं काम."

"मग करा."

"करते. आधी तुम्ही या पाण्यानं चूळ भरा."

साहेबांचा चेहरा आमच्या मरून रंगाच्या टॉवेलसारखा झाला. "मॅडम, नोकरी करायची आहे ना?"

सासूबाईंनी सिद्रामला बोलावलं आणि नाल्याकडचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. "पंप सुरू होईपर्यंत एक थेंब बाहेर जायचा नाही. टाकी भरली की रंगखातं थांबवा." साहेब ताडताड निघून गेले. सासूबाईंच्या हातातला कम्युनिकेटर थरथरत होता. मी तसं म्हटलं.

"बॅटरी उतरलीय," त्या म्हणाल्या आणि बादलीवर मटकन बसल्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली, घर चालायचं ते यांच्याच पगारावर.

दुसऱ्या दिवशी रंगखातं बंदच होतं. तपासणीवाले आले, आकडा बघितला, बंद व्हॉल्व्ह बघितला, पंप लगेच दुरुस्त करा म्हणून दम दिला आणि चहा पिऊन गेले. कारखाना वाचला. त्याचं बक्षीस म्हणून साहेबांनी सासूबाईंना स्टोअरमध्ये धाडलं, सुतळीचे गुंडे आणि खोकी सांभाळायला. काही आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. बार्शीला एका डेअरीत काम मिळालं होतं. "दुधालाही पीएच असतो, केमिस्ट," त्या म्हणाल्या. "आणि म्हशी धमक्या देत नाहीत."

शेवटच्या दिवशी त्या मला घेऊन टाकीपाशी गेल्या, कम्युनिकेटर जोडला आणि ट्रान्समीटरला नवा पासवर्ड घातला. तो दिल्याशिवाय आकडा कुणालाही धरून ठेवता येणार नव्हता. मग तो माझ्या कानात सांगितला.

"मलाच का?"

"तुम्ही भित्रे आहात. धीट माणूस चारचौघांत ऐट म्हणून सांगून टाकतो. भित्रा गिळून बसतो."

पुढच्या तपासणीआधी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पासवर्ड विचारला. माझे पाय लटपटत होते. "मॅडमनी कुणालाच सांगितला नाही, साहेब," मी म्हणालो. पुढे ते साहेब गेले, नवे आले, त्यांनीही विचारलं. मी तेच उत्तर दिलं. आता पाय लटपटत नाहीत. उत्तर देऊन झालं की तेवढं टाकीपाशी जातो आणि पाण्याचा आकडा बघून येतो.