एक मिनिट बावन्न सेकंदांनंतर

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सोळा वर्षं झाली. काचेवर जे दिसतं ते लिहायचं, नाही दिसलं तर 'नाही' लिहायचं. अंगात येणं, करणी, बाहेरचं... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण सव्वा वर्ष झालं, आणि घरात यावर बोलण्यासारखं कुणी उरलं नाही. म्हणून इथं लिहिते.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहतो. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आई आणि मी. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता तिची बोटं सरळ होत नाहीत. वडील लवकर गेले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान एक भाऊ — संतोष.

संतोष गाणी बनवायचा. हळदीत, वरातीत, मिरवणुकीत डीजेवर वाजतात ना, तसली नाचायची गाणी. आमच्या लॅबनं एक कॉम्प्युटर मोडीत काढला होता, तो मीच रिक्षात घालून घरी आणला होता. डबा मॉनिटर. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं. सीपीयूचं झाकण कायम उघडं आणि त्यावर टेबलफॅन लावलेला, नाहीतर तापून बंद पडायचा. आठच्या वर आवाज एकावर एक चढवले की जागच्या जागी गोठायचा. नेट नव्हतंच, आजही नाही. एवढ्यावर तो दिवसदिवस बसायचा. आई विडीची पानं कापायची त्या कात्रीचा आवाज त्यानं साध्या माइकवर घेतला होता आणि तो ठेक्यात बसवला होता. चक्-चक्, चक्-चक्. आईला त्याचं फार कौतुक. म्हणायची, "माझी कात्री लग्नात वाजती की."

सात वर्षांपूर्वी एका दुपारी संतोष घरातून गेला. मोबाइल घरीच ठेवून. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाईक झाले, त्याचे डीजेवाले मित्र झाले. काहीच कळलं नाही. कॉम्प्युटरवर आईनं एक जुनी साडी टाकली आणि तो कोपरा तसाच राहिला.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. शेजारच्या रेणुकाकाकूंच्या मुलीची हळद होती. काकू म्हणाल्या, "संतोषची गाणी असतील तर बघ ना गं. पोरींना नाचायला." मी नाही म्हणणार होते, पण आईच म्हणाली, "बघ की लावून."

रविवारी दुपारी साडी काढली, धूळ पुसली. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. बरीच गाणी मिळाली. त्यात एक अर्धवट होतं, फाइलचं नाव नुसतं 'नवीन'. चांगलं होतं. आईची कात्री, सुपात पाखडल्याचा आवाज आणि खाली हलगी. एक मिनिट बावन्न सेकंदांवर थांबायचं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "एवढंच?"

तिथून मला नाद लागला. म्हटलं, आपणच पूर्ण करू. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मशीन समजायला मला वेळ लागत नाही. दर रविवारी दुपारी बसायचं, त्यानं काय कुठं लावलंय ते बघायचं आणि वेगळ्या नावानं कॉपी करून त्यात पुढचं जोडायचं. मूळ फाइलला मी कधी हात लावला नाही. हे नीट लक्षात घ्या.

दुसऱ्या रविवारी ऐकायला म्हणून मूळ फाइल लावली. एक बावन्नला ती थांबली नाही. पुढं गेली. बारा सेकंद नवीनच काहीतरी... घुंगरांसारखं. तीन वेळा, मग दोन वेळा, मग एक जागा रिकामी. परत तीन, परत दोन. मला वाटलं, मीच चुकून कॉपी उघडली. तपासलं. नव्हती.

आईला काही सांगितलं नाही. त्या दिवशी मी लॅबच्या चिठ्ठीवर गाण्याची लांबी लिहून ठेवली आणि सीपीयूची पॉवरची वायर काढून पर्समध्ये घातली. आठवडाभर ती वायर माझ्याबरोबर लॅबला येत-जात होती. पुढच्या रविवारी वायर लावली, गाणं लावलं. अजून सोळा सेकंद वाढलं होतं. घुंगरं तशीच, आणि त्यांच्या मागं लांबून एक माणूस ओरडत होता. हेडफोन कानाला दाबून ऐकलं तेव्हा कळलं. जीपवाला गिऱ्हाईक उतरवत होता, "उतरा वेळापूर, वेळापूर..."

सीपीयू उचलून नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं सगळं उघडून बघितलं. म्हणाला, "ताई, बाहेरनं याच्यात कुणी काही घालू शकत नाही, तशी सोयच नाही याला. आणि वायर नसेल तर हे नुसता पत्र्याचा डबा." फाइल कधी बदलली ते तरी बघा म्हटलं, तर आतली बॅटरी मेलेली होती. तारीख दर वेळी मागं जाऊन एकाच दिवसावर थांबायची. त्यावरून काहीच कळत नव्हतं.

चौथ्या रविवारी आईला शेजारी बसवून ऐकवलं. आता घुंगरं जवळून येत होती, आणि मध्येच एका पुरुषाचा आवाज आला. घोगरा, जरा नाकातला. "बर्फ टाकू का?"

आई म्हणाली, "रसवंती हाय ही. उसाच्या चरकाला घुंगरं बांदत्यात ती."

"संतू हितं हाय, सुजे," ती म्हणाली. "जाऊ या."

मी तिला परोपरीनं समजावलं. काहीतरी तांत्रिक घोळ असेल, जुनं रेकॉर्डिंग असेल. आई ऐकून घेत होती आणि एकीकडं पिशवीत त्याचा शर्ट भरत होती. खरं सांगते, मलाही जायचंच होतं.

मंगळवारी रजा टाकली. सकाळच्या एसटीनं पंढरपूर, तिथून वेळापूर. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. रस्त्याच्या कडेनं रसवंत्या बऱ्याच. आम्ही एकेका ठिकाणी थांबायचं, घुंगरं ऐकायची आणि पुढं जायचं. सगळीकडं ती एकसारखी वाजत होती, छम छम छम, कसलाच ठेका नाही. गावाच्या बाहेर, जीपा थांबतात तिथं एक ताडपत्रीची रसवंती होती. आईचा हात माझ्या दंडावर होता. तो एकदम घट्ट झाला, तेव्हा मलाही ऐकू आलं. तीन... दोन... रिकामी जागा.

आम्ही बाकावर बसलो. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी. त्यानं ऊस चरकात घातला आणि न वळताच विचारलं, "बर्फ टाकू का?"

तोच आवाज. मी हे कितीही वेळा सांगायला तयार आहे. तोच घोगरा, नाकातला आवाज.

मी फोटो दाखवला. त्यानं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "आसंल बी," तो म्हणाला. "दाढी लई हुती त्याची. आन् पार वाळल्याला. नाव इच्यारलं तर नुसतं भाऊ म्हना म्हनायचा."

"तुमच्याकडं होता?"

"व्हय. औंदाच आला. मी ह्ये टाकलंच गेल्या साली. ही घुंगरं बगा, एका सरीत बांदली हुती मी. त्यानं सोडली आन् मोजून मोजून परत बांदली. म्हनला, असं बरं वाजतंय."

"आता कुठं आहे?"

"परवा ऐतवारी दुपारी गेला. ग्लासं धुतली, पालती घातली आन् गेला. कुटं ते सांगितलं न्हाय."

परवा. म्हणजे ज्या दुपारी मी आणि आई ते गाणं ऐकत बसलो होतो, त्या दुपारी.

आईनं पिशवीतून शर्ट काढला होता, तो मांडीवर होता. तिनं विचारलं, "घरचं काय बोलायचा का?"

त्या माणसानं तिच्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं. खोटं बोलावं की खरं, असं त्याला झालं असावं. "न्हाय मावशी," तो म्हणाला. "मी इच्यारलं हुतं एकदा. कोन न्हाय मला, म्हनला."

आईनं ग्लास खाली ठेवला नाही. सगळा रस प्यायली. मग म्हणाली, "गोड हाय."

आम्ही जीपवाल्यांना विचारलं, देवळात बघितलं, अकलूजच्या दवाखान्यांत चौकशी केली. त्यानंतर मी एकटी आणखी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला रसवंतीवाल्यानं मला लांबूनच बघून मान हलवली. पावसाळ्यात ताडपत्री निघाली, आता तिथं कुणी नसतं.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं, परतीच्या एसटीतलं. मोहोळ गेल्यावर आईनं विचारलं, "सुजे, तो गेला त्या दिशी तुमचं दोगांचं काय झालतं?"

इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांनाही नाही.

त्या दिवशी मी लॅबमधून दमून आले होते. त्यानं मला हाक मारली, "ताई, नवीन केलंय, ऐक." पुढं काय घालावं ते सुचत नाही म्हणाला, तू सांग. आई दवाखान्यात बोटं दाखवायला गेली होती. मी म्हणाले, "तुझं हे वाजवणं बाहेर ऐकू येतं तेव्हा मला लाज वाटते. आईची बोटं गेली तुला पोसून. तू नसतास तर या घराचं बरं झालं असतं." त्यानं कॉम्प्युटर नीट बंद केला. त्याला बंद व्हायलाही वेळ लागायचा. पडदा काळा होईपर्यंत तो समोर बसून होता. मग चप्पल घालून बाहेर पडला. मला वाटलं, चहाला गेला असेल.

एवढं सगळं मी आईला एसटीत सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. "बरं," म्हणाली. तेवढंच. त्यानंतर आजतागायत ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते, कपडे वाळत घालते, बरं नसलं तर काढा करून देते. रागावलीय असंही दिसत नाही. मला वाटतं, रागावली असती तर बरं झालं असतं.

गाणं त्या रविवारनंतर वाढलं नाही. पूर्णही झालं नाही. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर, घुंगरं वाजता वाजता मध्येच तुटतं. मी स्वतःला बरंच समजावून बघितलं. तो सगळा ठेका त्याच्या डोक्यात आधीपासून असेल, त्यानं आधीच करून ठेवलं असेल आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं नसेल. पण आईनंही ऐकलं होतं, "एवढंच?" म्हणाली होती. आणि आदल्याच वर्षी रसवंती टाकलेल्या माणसाचा आवाज इतकी वर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये कुठून येणार? कधी वाटतं, तो संतोष नव्हताच. त्या माणसानंही 'आसंल बी' एवढंच म्हटलं होतं. मग वाटतं, तोच होता, आणि त्याला खरंच कुणी नाही. यातलं काय खरं असावं असं वाटून घ्यायचं, तेही मला ठरवता येत नाही.

परवा रविवारी मी आईला विचारलं, "लावू का एकदा?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नगं. लई यळ सुरू व्हायला लागतंय त्याला. तवर आशा वाटत ऱ्हाती."