फाटकं जाळं हजर करा

टाकेमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. त्यांनी जाळ्याला घातलेला टाका शोधताना भल्याभल्यांचे डोळे दुखायला लागत, म्हणून हे नाव. भोक दिसलं की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. मग ते जाळ्याचं असो, पिशवीचं असो, नाहीतर परक्याच्या बनियनचं. पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा गप्पा सोडून सासऱ्यांची उसवलेली वेताची खुर्ची विणत बसले होते.

अशा माणसाच्या जाळ्यातून एका सकाळी परदेशी ट्रॉलर आरपार गेला. त्यावर वाळत घातलेले कपडे किनाऱ्यावरून मोजता यावेत, इतका जवळून. सगळ्या धक्क्यानं पाहिला, फक्त सरकारी खात्याला दिसला नाही. खात्याच्या कचेरीला समुद्राकडे खिडकी होती, पण तिच्यापुढे कपाट होतं.

परदेशी कंपनी म्हणाली, आमची बोट हद्दीबाहेरच होती, तुमचंच जाळं वाहत आलं असेल. चोराच्या उलट्या बोंबा! खात्याचे साहेब मात्र न्यायी माणूस. "सोमवारी फाटकं जाळं हजर करा," ते म्हणाले. "नुकसान दिसलं, तर या ट्रॉलरला बंदी घाला असा अहवाल मी स्वतः पाठवतो." महिनोन्महिने रिकाम्या परतणाऱ्या साऱ्या होड्यांची भिस्त आता मास्तरांच्या त्या भोकावर होती.

सोमवारी मास्तर खांद्यावर जाळं टाकून हजर झाले. साहेबांनी आणि कारकुनानं ते दोन टेबलांवर पसरलं, उलटं केलं, दिव्याखाली धरलं.

"फाटलंय कुठे?"

"आता कसं दिसेल?" मास्तर कौतुकानं म्हणाले. "सांधलं ना मी!"

कारकुनानं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, फाटकं जाळं घेऊन चार माणसांतून कसं यायचं, साहेब? लाज वाटते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी शेरा मारला, 'जाळे सुस्थितीत. नुकसान आढळले नाही.' वर मोठ्या मनानं पुरावा आणायला आठ दिवसांची मुदतही दिली.

घरी बायकोनं चाकू पुढे केला. "कापा."

"खोटं फाडू?"

"फाटलं होतं ते खरंच ना?"

"हो, पण ते त्यांनी फाडलं होतं."

"तुमच्यापुढे डोकं फोडून घ्यावं झालं!" म्हणत तिनंच चाकू उचलला, पण नवऱ्याचा चेहरा बघून परत ठेवला. त्या टाक्यांत त्याचे दोन दिवस गेले होते, हे तिला ठाऊक होतं.

शेवटी मास्तरांनी प्रामाणिक तोडगा काढला. तेच जाळं त्याच जागी टाकायचं आणि रीतसर फाडून घ्यायचं. ट्रॉलर खात्यापेक्षा वक्तशीर निघाला, ठरल्यासारखा आला. फक्त या खेपेला त्यानं जाळं फाडलं नाही, सगळंच ओढून नेलं.

"जाळं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"त्यांच्या बोटीवर."

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा."

पुराव्याअभावी प्रकरण बंद झालं. ते कागद खिडकीपुढच्या कपाटात गेले, म्हणजे कपाटाचाही उपयोग झाला.

पंधरवड्यानंतर मेव्हणा आपलं जाळं घेऊन अंगणात आला. त्याच्यातूनही ट्रॉलर गेला होता. एक माणूस सहज आत-बाहेर करेल एवढं भगदाड पडलं होतं. "भावोजी, उद्या निघायचंय. एवढं सांधून द्या."

बायकोनं सवयीनं सुई आणून हातात दिली. मास्तरांनी भगदाडाच्या कडेवरून बोटं फिरवली. मग त्यांनी सुई परत बायकोच्या हातात ठेवली आणि चपला घातल्या.

"जाळं खांद्यावर घे," ते मेव्हण्याला म्हणाले. "भोक वर दिसू दे. बाजारातून कचेरीत जाऊ या, चार माणसांतून."