घरच्यांची तक्रार नाही

माझं अक्षर चांगलं होतं, तिथूनच हे सगळं सुरू झालं. बाबा आमच्या गावचे पोलीस पाटील. रोहण्याहून आत वळलं की आमचं लहानसं गाव लागतं. ठाणं दूर, त्यामुळे गावात कोणी विहिरीत बुडालं, साप चावून गेलं, अंगावर वीज पडून गेलं, तर ठाण्याला लेखी खबर द्यायची ती पाटलानं. बाबांनी लिहिलेलं त्यांचं त्यांनाही वाचता यायचं नाही. म्हणून दहावीपासून ते सांगायचे आणि मी लिहायची. धाकटा भाऊ मला ‘ठाणेदारीण बाई’ म्हणून चिडवायचा आणि कागदांची पिशवी हातात आणून द्यायचा.

पणजोबांच्या काळी हे काम बापाकडून मुलाकडे यायचं. त्यांची पितळी मुठीची काठी अजून घरात आहे. पुढे कायदा बदलला, वारसा गेला, अर्ज आणि परीक्षा आली. बाबा परीक्षा देऊन पाटील झाले, पण ऐट पणजोबांचीच राहिली. लग्नाच्या पंगतीत ठाणेदाराशेजारी पाट मिळाला की दोन दिवस घरात तोच विषय. मला त्याचा राग यायचा. आजही येतो.

पण एका गोष्टीत ते फार कडक होते. प्रत्येक खबरीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: ‘मयताच्या नातेवाइकांचा कोणावरही संशय अगर तक्रार नाही.’ ते वाक्य बाबा विचारल्याशिवाय लिहू देत नसत. बाहेर ओट्यावर पुरुषांना ते स्वतः विचारत आणि मला आत पाठवत.

“जा, बायायले ईचारून ये. बाहेर मानसं बोलतेत, खरं काय ते चुलीपाशी कळते.”

एका घरी बाहेर सगळे ‘पाय घसरला’ म्हणत होते. आत म्हातारीनं माझा हात घट्ट धरला आणि वेगळंच सांगितलं. बाबांनी ते जसंच्या तसं लिहायला लावलं. ते घर पुढे कितीतरी वर्षं आमच्याशी बोललं नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला होता.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पावसानं उघाड दिली. संत्र्याला पाणी द्यायचं होतं आणि विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरची पेटी झटके मारत होती. आईनं तीनदा सांगितलं, “वायरमनले बलावा. पोरगं हात लावते तिले.” बाबांची ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. पांढरा सदरा घालत ते म्हणाले, “बैठक झाली का संगंच घिऊन येतो त्याले.”

दुपारी लाइन आली. आमच्याकडे शेतीची वीज थोडेच तास असते, लाइन आली की धावावं लागतं. बाबांनी ठाण्यातूनच भावाला फोन केला, “लाइन आली असंन, मोटर चालू कर.” तो जेवणावरून उठला. ताटात अर्धी भाकर तशीच राहिली.

बाबा ठाण्याच्या गाडीतून आले ते थेट वावरात. भाऊ विहिरीजवळ झोपवलेला होता. आई दहा पावलांवर, बायांनी धरून ठेवलेली. जमादार भला माणूस. तो म्हणाला, “पाटील, तुम्ही राहू द्या. दुसऱ्या कोणाची खबर घेतो.”

बाबा म्हणाले, “गावची खबर पाटीलच देते.”

मग ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले आणि मला सांगू लागले. आवाज नेहमीचाच, बैठकीतला. मयत नामे. त्यांनी भावाचं नाव घेतलं. मी लिहिलं. वय त्यांनी तेवीस सांगितलं; मी बरोबर ते, चोवीस लिहिलं. सामाईक बांध, विहीर, मोटर, पेटी, सगळं क्रमानं आलं. शेवटी ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलंच नाही. माझ्या हातानं ते सवयीनं लिहून टाकलं: नातेवाइकांचा कोणावरही संशय अगर तक्रार नाही. बाबांनी खाली सही केली. आई दहा पावलांवर होती. तिला विचारायला मी गेले नाही, आणि बाबांनी मला पाठवलं नाही.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी वायरमन आला. आईनं त्याला चहा दिला.

त्यानंतर ती बाबांना एका शब्दानंही टोचून बोलली नाही. वेळेवर ताट वाढायची, सदरा धुवायची. बाबांनी पाटीलकी साठाव्या वर्षापर्यंत केली आणि नंतर फार जगले नाहीत. पुढे जागा महिलेसाठी निघाली. मी परीक्षा दिली आणि पाटील झाले. आता ठाण्याचा मोबाईलवर ग्रुप आहे, फोटो टाकला की गाडी निघते. काठीचं काही काम उरलेलं नाही. मयताच्या घरी मात्र अजून जावंच लागतं.

आणि मी तिथून परत आले की आई अजून एकच विचारते, “घरच्या बाईले ईचारलं काय व?”

मी “हो” म्हणते. दर वेळी खरंच विचारलेलं असतं. एकदाच विचारलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मला ते सहन झालं नाही. आई अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी पिशवीतून कोरा कागद काढला, तिच्यासमोर बसले आणि लोकांना विचारते तसंच विचारलं, “माय, तुयी कोणावर तक्रार होती काय?”

सूप थांबलं. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“होती,” ती म्हणाली. “लय होती. तुया बापावर होती. तुयावर बी होती. तवा ईचारलं असतं तं सांगतलं असतं, अन् मोकळी झाली असती. मंग त्याईच्या संगं भांडली असती, रडली असती. आमी दोघं मिळून रडलो असतो.” तिनं डाळीतला एक खडा वेचून फेकला. “आता ते बी गेले. आता कोणाची तक्रार करू?”

मी तिचं बोलणं एकही शब्द न बदलता लिहून घेतलं. तिनं खाली सावकाश आपलं नाव लिहिलं. तो कागद माझ्या पिशवीत आहे. तो कोणाकडे सादर करायचा, हे मला माहीत नाही.