बनशंकरीमागची मिश्र जुडी

"दोरे फेकू नकोस, पुन्हा बांधायला लागतील," सुमाअक्का म्हणाली. मी पालकाची जुडी सोडली. तिने माठ आणि शेपू सोडला. दुकानाच्या पायरीवर हिरवा ढीग झाला.

सुमाअक्का माझी मावसबहीण. तिचं सासर कैक पिढ्या बंगळुरूचं. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. तुम्ही आलात तर बनशंकरीपर्यंत मेट्रो घ्या, पुढे चाला. सुमाअक्काच्या या वस्तीत रिक्षा शिरत नाही. स्टेशनजवळ उभ्याने इडली खाऊन घ्या. स्वस्त आणि वाफाळती.

वस्तीत भाजीवाला नाही. मंजण्णाच्या किराणा दुकानात त्या दिवसापुरतं मिळतं: तेलाची पुडी, साबणाची वडी, चिप्स. सुमाअक्काने पालेभाजी विकायला त्याच्याकडे दारातली फळी मागून घेतली होती. पण रोज निम्मी पालेभाजी सुकायची. "आज उरली तर उद्यापासून फळीवर चिप्स," त्याने सकाळीच बजावलं होतं.

दुपारी धुणीभांडी आटोपून आलेल्या गौरम्माने पालकाची जुडी उचलली आणि ठेवली. "एवढ्याचं काय करू अक्का? घरात गुरं बांधलीत का मी?"

इथे डाळीच्या सारात तीन-चार पाले लागतात, मूठमूठभर. तेवढ्या जुड्या घेतल्या तर फ्रिज नसलेल्या घरात उरलेलं वाया. सुमाअक्काने कपाळावर हात मारला. "मी तरी घरी मिसळूनच करते की गं!"

म्हणून ही सोडासोड. एका वेळेची मिश्र जुडी, सोबत पुडीत मूठभर तूरडाळ.

"सुटी केलीस? आता तर लवकरच सुकेल," मंजण्णा म्हणाला.

"स्वल्प थांब, अण्णा."

पहिली जुडी गौरम्मानेच नेली, गल्लीभर ओरडत. मग कामावरच्या बायका परतल्या. मी बांधायची, त्या हातातून ओढायच्या. एकीने घेतलेले चिप्स परत ठेवले. मंजण्णा न सांगता डाळीच्या पुड्या बांधू लागला. दिवेलागणीआधी फळी रिकामी.

"सरी? जमलं ना?" सुमाअक्काने विचारलं.

"सरी कसलं? माझ्या बायकोने एक ठेवायला सांगितली होती!"

ती इतक्या मोठ्याने हसली की समोरच्या घरातलं पोर बाहेर आलं.

मी रात्रीची बस पकडली. शहरातली तळी, बागा पाहायच्या राहिल्या. काही हुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. सुमाअक्काचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती भाजीबाजारात होती आणि मंजण्णा तिच्या मागे पोतं धरून उभा होता.